आठवड्याचे सात किलोमीटर

वसई-विरार पट्ट्यात गाड्या हजारो असतील, पण जिला गाडी म्हणावं अशी एकच, असं जयवंत परुळेकरांचं ठाम मत होतं. ती कुणाची, हे विचारण्याची चूक मात्र कुणी करू नये! विचारणाऱ्याला ते दंडाला धरून गाडीपर्यंत नेत, बॉनेट उघडत, आणि मग त्या माणसाचा पाऊण तास कुठे गेला हे त्याच्या घरच्यांना कळत नसे.

गाडी एस्टीम होती. पांढरी, शहाण्णव सालची आणि खरं सांगायचं तर सेकंडहँड. पण तो शब्द परुळेकरांच्या देखत काढायचा नाही. "माझं वय पंचेचाळीस आहे. मला कोणी सेकंडहँड म्हणतं का?" असा त्यांचा सवाल असे. दोन वर्षांत त्यांनी गाडीला मागे स्पॉयलर लावला, पुढे पिवळे फॉग लॅम्प बसवले, काचांना काळी फिल्म मारली आणि डिकीत बेसच्या स्पीकरचं एवढं मोठं नळकांडं ठेवलं की बाजारातून येताना भाजीची पिशवी मांडीवर घ्यावी लागे. दोन हजार दोनच्या मार्चमध्ये तर त्यांनी कळसच चढवला. गोखिवऱ्याच्या रुडॉल्फ मेकॅनिककडून मॅग व्हील आणि चपटे, रुंद, लो प्रोफाइल टायर बसवून घेतले! गाडी जमिनीला अशी लगटून उभी राहिली की परुळेकर तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घालून आले. मूळची चाकं घरी येऊन गॅलरीत एकावर एक रचली गेली. सुहासिनीबाईंनी, म्हणजे सौ. परुळेकरांनी, त्यांच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या.

परुळेकर विजेच्या ऑफिसात मीटर तपासनीस होते. अठरा वर्षं लोकांच्या जिन्याखाली बॅटरी मारून मीटरची सिलं बघण्यात गेली होती. त्यामुळे माणसाकडे बघण्याची त्यांची एक पद्धत पडून गेली होती. समोरचा हसला तरी ते आधी त्याच्या मागच्या वायरी बघत! "माणूस खोटं बोलतो, मीटर बोलत नाही," हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणत. एकदा ऑफिसात आणि एकदा जेवताना.

आता एवढी लाडाची गाडी ठेवायची कुठे? त्यांच्या बोळींजच्या बिल्डिंगचं पार्किंग म्हणजे एक माड होता, आणि त्याचे नारळ वेळकाळ न बघता पडत. पण बिल्डिंगला लागूनच युजीन लोपीस यांची वाडी होती. केळी, सोनचाफा, थोडी भाजी, आणि फुलं दादरला नेणारा एक जुना टेम्पो. परुळेकर पहिल्यांदा गाडी घेऊन आले आणि माडाकडे मान वर करून बघत उभे राहिले, तेव्हा कुंपणापलीकडून युजीन म्हणाले होते, "जयवंतराव, आणा ती इकडे. टेम्पोच्या बाजूला शेडमध्ये जागा आहे. नारळ काय, पाखराची शीटसुद्धा पडणार नाही."

तेव्हापासून गाडी लोपिसांच्या शेडमध्ये. एखाद वेळी पुढे-मागे करावी लागली तर असावी म्हणून एक किल्ली लोपिसांच्या घरात, आल्ताराशेजारच्या, म्हणजे येशूच्या देव्हाऱ्याजवळच्या, खिळ्याला. ती वेळ दोन वर्षांत कधी आली नव्हती.

आणि त्या मे महिन्यात युजीनच्या मुलीचं, क्रिस्टीनाचं, लग्न होतं. युजीन आणि त्यांची बायको फ्लॉसी दोघं आमंत्रण घेऊन आले तेव्हा युजीन म्हणाले, "पोरीला चर्चमध्ये न्यायला तुमचीच गाडी पाहिजे, जयवंतराव. चालवायचीही तुम्हीच." परुळेकरांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं! कोकणातल्या परुळ्याहून इथे येऊन सात वर्षं झाली होती. लग्नाची आमंत्रणं पुष्कळ आली, पण नवरीची गाडी ही घरच्या माणसाची मानायची गोष्ट. ते महिनाभर आरशासमोर उभं राहून स्टिअरिंगवर हात कसे ठेवायचे याचा सराव करत होते.

या सगळ्याला सुरुंग लावला तो एका वहीने.

परुळेकरांकडे गाडीची वही होती. लाल कापडी पाठीची. गाडी कुठे गेली, किती गेली, सगळं तीत. घर ते ऑफिस साडेआठ किलोमीटर, म्हणजे रोजचे सतरा. घर ते मंडई दीड. घर ते चर्च पावणेदोन. गाडी घेतली तेव्हाच त्यांनी सगळी अंतरं एकदा मोजून ठेवली होती. ती त्यांना तोंडपाठ होती. त्यामुळे रोज मीटर बघायची गरज पडत नसे. वहीत अंतर लिहायचं, शनिवारी सकाळी गाडी धुतली की मीटरशी बेरीज जुळवायची आणि समाधानाने चहा प्यायचा.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी चहा निवून गेला. वहीत एकशे दोन किलोमीटर होते. मीटरवर एकशे नऊ!

"सुहास, गाडी कोणी नेली होती?"

"कुठे?"

"ते मला ठाऊक असतं तर तुला विचारलं असतं का?"

"बेरीज चुकली असेल."

परुळेकरांनी बायकोकडे असं बघितलं की जणू तिने कुलदैवतालाच नाव ठेवलं असावं. बेरीज पुन्हा केली. उलटी केली. कॅल्क्युलेटरवर केली. सात किलोमीटर काही हलेनात. पुढच्या शनिवारी पुन्हा सात! त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा सात!

"नेमाने नेतोय," परुळेकर दबक्या आवाजात म्हणाले. "चोर आहे, पण शिस्तीचा आहे."

त्यांनी मग खात्यातली सगळी विद्या बाहेर काढली. संध्याकाळी गाडी लावली की टायरवरून खाली शेडच्या कोब्यापर्यंत खडूची एक बारीक रेघ ओढायची. ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीला काळा दोरा, त्याला स्वतःची खास गाठ. सकाळी जाऊन बघायचं. पहिल्या दिवशी रेघ जागच्या जागी, दोरा जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडा संपला, रेघ तसूभर हलली नाही आणि मीटर सात किलोमीटर पुढे!

तुमच्या-आमच्यासारख्याने म्हटलं असतं, चला, गाडी जागची हलली नाही, सुटलो. परुळेकरांना दरदरून घाम फुटला.

"लक्षात येतंय का तुझ्या? गाडी नेली, फिरवली, आणली आणि खडूच्या रेघेवर रेघ जुळवून उभी केली! वर माझ्यासारखीच गाठ मारली!"

"अहो, मग नेलीच नसेल."

"मीटर सांगतोय नेली! आणि एवढी अचूक गाडी लावणारा माणूस या आळीत एकच. तीस वर्षं वाडीच्या बोळातून टेम्पो काढतोय तो!"

"युजीन?" सुहासिनीबाई पोळी लाटायच्या थांबल्या. "त्यांनी आपल्याला काल चाफा पाठवला."

"का पाठवला?" परुळेकरांनी डोळे बारीक केले. "आजवर मोगरा पाठवायचे. काल चाफा का?"

एप्रिलमध्ये नाशिकला सुहासिनीबाईंच्या बहिणीची वास्तुशांत होती. परुळेकर सहकुटुंब गाडीने गेले, एक रात्र राहिले, परत आले. दिवाळीत याच घरी गेले होते तेव्हा जाऊन-येऊन तीनशे चाळीस झाले होते. आता मीटरने दाखवले तीनशे चौसष्ट. चोवीस किलोमीटर जास्त! परुळेकरांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

"हाव वाढली त्याची."

"कुणाची? गाडी आपल्याबरोबर नाशिकला होती! युजीन काय नाशिकला आले होते?"

"तेच म्हणतोय. एकट्याचं काम नाही हे. टोळी आहे!" त्यांनी आवाज उतरवला. "तुझे मेहुणे. विघ्नेशराव."

"विघ्नेशराव रात्रभर तुमच्या शेजारी सतरंजीवर घोरत होते!"

"हेच! इतका वेळ एकसारखं कोण घोरतं, सांग?"

आता मात्र चोराला रंगेहाथ पकडायचाच, असं ठरवून परुळेकरांनी एक आठवडा रजा टाकली. दिवसभर गॅलरीतल्या चाकांवर, बरण्या बाजूला सारून, पडद्याआड बसून शेडवर नजर. गाडीला हात लावला नाही. बाहेर गेले नाहीत. युजीन टेम्पो घेऊन गेले, आले. फ्लॉसीने पापड वाळत घातले. एक मांजर बॉनेटवर बसलं. परुळेकरांनी त्याचीसुद्धा वेळ लिहून ठेवली. शुक्रवारी धावत खाली गेले आणि मीटर बघून धावत वर आले.

"शून्य! एक मीटरसुद्धा जास्त नाही! कळतंय का? त्यांना सुगावा लागला. मी पाळत ठेवणार हे कुणीतरी आधीच सांगितलं." आणि ते बायकोकडे वळले. "या घरात हे फक्त दोघांना माहीत होतं."

सुहासिनीबाईंनी हात पुसले. कपाटावरचा चष्मा काढला, लाल वही घेतली आणि जेवणाच्या टेबलावर बसून पहिल्या पानापासून वाचली. त्या शाळेत गणित शिकवायच्या. वही मिटून त्यांनी नवऱ्याकडे बघितलं तेव्हा ती नजर परुळेकरांना ओळखीची वाटली. लोकांच्या जिन्याखाली ते स्वतः तसेच बघायचे.

"तुम्ही ऑफिसला जाता त्या आठवड्यात सात जास्त. नाशिकला गेलात तेव्हा चोवीस. आणि आठवडाभर माझ्या डोळ्यांसमोर घरात बसलात, तेव्हा शून्य."

"बरोबर!"

"दर वेळी गाडीत कोण होतं?"

"मी."

"किल्ली कुणाच्या खिशात?"

"माझ्या... सुहास!"

"जाता कुठे, एवढंच सांगा."

"अगं, मी कुठे जाणार? मला बघून कोण दार उघडणार?"

"नाशिकला सकाळी दूध आणायला म्हणून गाडी घेऊन गेलात. दीड तास!"

"टायरमधली हवा बघत होतो!"

"दीड तास?"

"चार टायर आहेत!"

यावर विश्वास कोण ठेवणार? खरं होतं, पण ऐकायला फार वाईट वाटत होतं. त्याच संध्याकाळी सुहासिनीबाई गाडी झाडायच्या निमित्ताने खाली गेल्या, आणि मागच्या सीटखालून त्यांनी एक केसांची पिन काढली. पिनेला मोती!

"ही कुणाची?"

"चोराची!" परुळेकर आनंदाने ओरडले.

"मोत्याची पिन लावणारा चोर?"

त्यानंतर दोन दिवस त्या घरात फक्त कुकर बोलत होता. परुळेकर ताटावर बसत, समोर आमटी येई, आमटीबरोबर एक शब्द येत नसे. आता चोर सापडलाच पाहिजे होता. गाडीसाठी नाही हो, आमटीसाठी!

लग्न आठ दिवसांवर आलं होतं. रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा आटपून लोपिसांच्या अंगणात नातेवाईक जमले होते. कुणी मांडवाचे बांबू बांधत होतं, बायका पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या. सुहासिनीबाईही विळी घेऊन मदतीला गेल्या होत्या. तेवढ्यात फाटकातून परुळेकर आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत लाल वही, खिशात कागदात गुंडाळलेली पिन.

"या, भाऊ," फ्लॉसी म्हणाली. "चहा टाकते."

"चहा नंतर." परुळेकरांच्या तोंडून एकदम ऑफिसचा आवाज निघाला. अठरा वर्षांची सवय! "लोपीस, या जागेवर एकूण किती माणसं वापर करतात?"

"कशाचा वापर?"

"गाडीचा. मंजूर वापर आठवड्याला एकशे दोन आहे. प्रत्यक्ष वापर एकशे नऊ. सात किलोमीटर चोरीचे आहेत."

लसूण सोलणारे हात थांबले. युजीन बांबू खाली ठेवून पुढे आले. हा थट्टा करतोय असं समजून ते आधी हसले. मग परुळेकरांचा चेहरा बघून हसायचे थांबले.

"तुम्ही म्हणता आम्ही तुमची गाडी चोरून फिरवतो?"

"मी नाही म्हणत. मीटर म्हणतोय." आणि त्यांनी कागद उलगडला. "आणि ही पिन?"

"अय्या, माझी पिन!" पडवीतून क्रिस्टीना धावत आली. "मी सगळीकडे शोधली!"

"कबूल!" परुळेकर ओरडले.

"काय कबूल?" फ्लॉसी पदराला हात पुसत मध्ये आली. "अहो, तुमची गाडी नवीन चाकांमुळे एवढी खाली बसली की पोरीचा लग्नाचा घेरदार फ्रॉक दारातून आत मावतो का, हाच प्रश्न पडला. म्हणून फ्रॉक घालून तिला गाडीत बसवून बघितलं. उभ्या गाडीत! तेही तुम्हाला विचारून. तुम्ही खिडकीत पेपर वाचत होता. हो, हो, म्हणालात."

परुळेकरांना ते हो, हो आठवलं. पण माणूस एकदा पायऱ्या चढून वर आला की खाली उतरणं कठीण जातं.

"बसली असेल. पण बसून सात किलोमीटर झाले कसे?"

युजीन घरात गेले. आल्ताराशेजारच्या खिळ्यावरची किल्ली घेऊन आले आणि त्यांनी ती परुळेकरांच्या तळहातावर ठेवली.

"तीस वर्षं दादरला फुलं नेतो मी, जयवंतराव. दुसऱ्याच्या टोपलीतली पाकळी घरी आणली नाही कधी." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "गाडी आज हलवा. पोरीला न्यायला आम्ही दुसरी बघतो."

सुहासिनीबाई विळी उचलून, मान खाली घालून फाटकाबाहेर पडल्या. परुळेकर मागून गाडी घेऊन निघाले. रिव्हर्स घेताना हॉर्न नेहमीप्रमाणे नाचऱ्या चालीत वाजला. त्या अंगणात तो फारच वाईट वाजला.

गाडी माडाखाली उभी राहिली. परुळेकरांनी तिच्या टपावर घरातली जुनी गादी बांधली. दुपारी पहिला नारळ बॉनेटवर पडला, गादी नव्हती तिथे.

"पिन क्रिस्टीनाची निघाली," सुहासिनीबाई दोन दिवसांत पहिल्यांदा बोलल्या. "पण सात किलोमीटर अजून तुमच्याच नावावर आहेत. आणि तुम्ही माझं त्या घरात तोंड दाखवणं बंद केलंत."

"एक माणूस राहिलाय," परुळेकर म्हणाले. "रुडॉल्फ. गाडी त्याच्याकडे चाकं बसवायला दोन दिवस होती. डुप्लिकेट किल्ली केली असेल. आणि तो कोण? फ्लॉसीचा सख्खा भाऊ! आता सगळं जुळतंय."

"चला गोखिवऱ्याला. मी पण येणार. ते सात किलोमीटर कुठे राहतात ते मला बघायचंय."

बातमी त्यांच्या आधी पोचली होती. फ्लॉसीने भावाला फोन केला होता. रुडॉल्फ गॅरेजच्या दारात हाताची घडी घालून उभा होता.

"बोला साहेब. मी काय चोरलं?"

परुळेकर तोंड उघडणार तेवढ्यात सुहासिनीबाईंनी वही त्याच्या हातात दिली आणि शाळेत सांगावं तसं सगळं क्रमाने सांगितलं. रुडॉल्फने पानं उलटली. सात. सात. सात. चोवीस. शून्य. त्याने एकदा चाकांकडे बघितलं, पुन्हा वहीकडे बघितलं, आणि तो पाठमोरा झाला. त्याचे खांदे हलत होते. परुळेकरांना वाटलं, पश्चात्तापाने रडतोय.

"हायवेला चला," तो वळून, डोळे पुसत म्हणाला. "साहेब चालवा, मॅडम दगड मोजा."

अहमदाबाद हायवेवर एका किलोमीटरच्या दगडापाशी रुडॉल्फने गाडी थांबवायला लावली. मीटरवरचा आकडा सुहासिनीबाईंनी लिहून घेतला. मग निघाले. एक दगड, दोन दगड, तीन. सुहासिनीबाई खिडकीबाहेर डोकं काढून मोठ्याने मोजत होत्या. दहाव्या दगडाशी गाडी थांबली. रस्ता दहा किलोमीटर झाला होता. मीटरवर दहा किलोमीटर आणि सातशे मीटर!

सुहासिनीबाईंनी आकडा लिहून घेतला. मग परुळेकर म्हणाले, "दगड चुकीचे लावलेत."

"दहाही?" सुहासिनीबाई.

"एकाच माणसाने लावले असतील! एकच टोळी..."

"साहेब," रुडॉल्फ अगदी मायेने म्हणाला, "तुम्ही चाक लहान केलंत. लहान चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त वेळा फिरतं. मीटर बिचारा फेरे मोजतो. त्याला वाटतं, गाडी लांब गेली. दहा किलोमीटरला सातशे मीटर, शंभराला सात. नाशिकला गेलात तर चोवीस. घरात बसलात तर शून्य! टायर बसवताना मी सांगितलं होतं तुम्हाला, मीटर पुढे पळेल म्हणून."

"कधी सांगितलंस?"

"तुम्ही गाडीसमोर मांडी घालून फोटो काढत होता तेव्हा. हो, हो, म्हणालात."

परुळेकरांनी अठरा वर्षांत मीटर हळू चालवणारे शेकड्यांनी पकडले होते. हौसेने स्वतःचाच मीटर पळवणारा माणूस त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला, तोही गाडीच्या आरशात. सुहासिनीबाई हायवेच्या कडेला उतरून, दगडावर बसून, पोट धरून हसत होत्या. त्यांना हसताना बघून परुळेकरांना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांना तळहातावरची ती किल्ली आठवली आणि एवढ्या मोठ्या माणसाला, भर रस्त्यात, ट्रकवाले बघत असताना रडू फुटलं.

संध्याकाळी ते पायीच लोपिसांच्या वाडीत गेले. युजीन चाफ्याच्या पुड्या बांधत बसले होते. परुळेकरांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. चाक, फेरे, दगड, काही वगळलं नाही. खडू आणि दोरासुद्धा सांगितला. शेवटी म्हणाले, "युजीन, मी चुकलो. मला माफ करा."

युजीन पुडी बांधत राहिले.

"दगड किती मोजले?"

"दहा. सुहासने मोजले."

"दहा दगडांवर विश्वास ठेवलात," युजीन म्हणाले. "मी सात वर्षं शेजारी राहतोय."

परुळेकरांनी मान खाली घातली. ते तसेच उभे राहिले. डास चावत होते, त्यांनी मारले नाहीत. शेवटी दारातून फ्लॉसीच बोलली.

"तुमचं भांडण लग्नानंतर सावकाश करा. आज पाच जणांना विचारलं, रविवारी एकही बरी गाडी रिकामी नाही. पोर माझी टेम्पोत बसून जाणार का चर्चला? भाऊ, गाडी आणा. पण ती जुनी चाकं लावा, पोरीला वाकून बसायला लावू नका. आणि चालवणार रुडॉल्फ. तुम्ही नाही."

परुळेकरांचे हात नकळत स्टिअरिंग धरल्यासारखे वर आले. महिनाभराचा आरशासमोरचा सराव! पण ते म्हणाले, "चालेल. तुम्ही म्हणाल तसं. यापुढे गाडीबद्दल एक शब्द तोंडातून निघाला तर मला विचारा."

बरण्या उतरल्या, चाकं खाली आली. रुडॉल्फने ती बसवली. गाडी पुन्हा चार बोटं वर उचलली गेली, अगदी सगळ्यांच्या एस्टीमसारखी दिसू लागली. शनिवारी परुळेकरांनी घर ते ऑफिस मीटर लावून बघितला. साडेआठ. बिनचूक.

रविवारी दुपारी मोगऱ्याच्या माळा घातलेली ती गाडी चर्चच्या दारात थांबली आणि क्रिस्टीना ताठ मानेने, फ्रॉकला एक चुणी न पडता उतरली. परुळेकर सुहासिनीबाईंबरोबर तिसऱ्या बाकावर होते. युजीन मुलीला घेऊन आत चालत आले आणि जाता जाता त्यांनी परुळेकरांकडे बघून मान हलवली. एवढीच. परुळेकरांना ती पुरली.

मिस्सा संपली. नवरा-नवरी गाडीत बसून निघाले. पाहुणे चालत, स्कूटरवरून, टेम्पोतून वाडीतल्या मांडवात पोचले. बँडवाले फाटकाशी तयार उभे राहिले. गाडी काही येईना! पावणेदोन किलोमीटरचा रस्ता. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, बँडवाल्याने एकदा चुकून सुरुवात केली आणि थांबवली. परुळेकरांचा हात आपोआप घड्याळाकडे गेला. सुहासिनीबाईंनी तो धरून खाली केला. एक तासाने गाडी आली. रुडॉल्फ उतरला तो थेट माणसांत मिसळला. गाडीतूनच उतरलेला फोटोग्राफरही त्याच्या पाठोपाठ गडबडीने नाहीसा झाला. कुणी काही विचारलं नाही, लग्नघर होतं.

जेवणं झाल्यावर परुळेकर माळा उतरवायला म्हणून शेडकडे गेले. गाडी तिच्या जुन्या जागी, टेम्पोच्या बाजूला उभी होती. सकाळचा आकडा त्यांनी बघून ठेवलेला होता. ती सवय काही एका आठवड्यात जात नाही. चर्चला जाऊन-येऊन साडेतीन व्हायला हवे होते. त्यांनी आत वाकून मीटर बघितला.

चौदा!

जुनी चाकं. खरा मीटर. साडेदहा किलोमीटर जास्त! त्यांनी मागचं दार उघडलं. पायपुसणीवर वाळू होती. ओली, करडी, बोटाला लागली की न सुटणारी समुद्राची वाळू. घर ते राजोडीचा किनारा जाऊन-येऊन किती, हे परुळेकरांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. साडेदहा! फोटोसाठी नेली होती! न विचारता! चोरून! या वेळी दगड नाही, चाक नाही, अगदी शंभर टक्के, पुराव्यासकट चोरी! अठरा वर्षांचा तपासनीस त्यांच्या छातीत ताडकन उभा राहिला.

"काय जयवंतराव?"

पाठीमागे युजीन उभे होते, हातात केकचा तुकडा घेऊन. त्यांच्या मागे मांडवातून फ्लॉसी बघत होती, क्रिस्टीना बघत होती, आणि एका खांबाआडून रुडॉल्फचा अर्धा चेहरा बघत होता.

"काही कमी-जास्त आहे का?" युजीननी विचारलं.

परुळेकरांनी दार लावून घेतलं. वाळू लागलेलं बोट पँटच्या मागे पुसलं.

"छे, छे! बरोब्बर आहे," ते म्हणाले, आणि युजीनच्या हातातला केक घेऊन तोंडात घातला.

घरी आल्यावर त्यांनी लाल वही काढली. सुहासिनीबाई खांद्यावरून बघत होत्या. परुळेकरांनी तारीख घातली, पेनाचं टोपण दोनदा लावलं, दोनदा काढलं, आणि शेवटी सुवाच्य अक्षरात लिहिलं: घर ते चर्च, जाऊन-येऊन, चौदा किलोमीटर.